उभ्याचा आजार, आडव्याचं कार्ड

एक रुपया. उत्तर प्रदेशातल्या सरकारी जिल्हा रुग्णालयात ओपीडीचा कागद एवढ्याला मिळतो. झाशीत त्याला पर्चा म्हणतात. तिथे राहून मुरलेला मराठी माणूसही केसपेपर विसरून पर्चाच म्हणू लागतो.

दुसरा आकडा ६३.७. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे उत्तर प्रदेशात आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले ६३ रुपये ७० पैसे लोकांनी उपचाराच्या वेळी पदरचे काढून दिले. मोठ्या राज्यांत हा आकडा सर्वांत वरचा. देशाची सरासरी ३९.४.

दारात एक रुपया घेतात आणि तरी शंभरातले चौसष्ट घरातून जातात, तर ते नेमके कोणत्या खिडकीवर जातात? ‘दवाखाना महाग झाला’ हे उत्तर सगळ्यांनाच पाठ आहे. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं फारसं कुणी मोजत नाही.

मोजायला नगरा ही जागा बरी. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपच्या अंगाने वाढलेली ही वस्ती. प्रेमनगर-नगरा असं लोक जोडूनच म्हणतात. मालगाडीचे डबे दुरुस्त करणारं हे वर्कशॉप १८९५ सालचं. १९०० मध्ये इथली रेल्वे मुंबईच्या जीआयपीकडे गेली, १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली आणि २००३ च्या मार्चअखेरपर्यंत झाशी विभागाचे वरिष्ठ मुंबईत व्हीटीला बसत. १ एप्रिल २००३ ला विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला. म्हणून झाशीतले मराठी लोक दोन तऱ्हांचे: नेवाळकरांच्या राज्यापासून शहरात मुरलेले, आणि बदलीच्या हुकमावर येऊन कायमचे राहून गेलेले रेल्वेतले.

रेल्वेच्या वस्तीत आजारपणाचे तीन दर एकाच गल्लीत दिसतात. पहिल्या घरात नोकरीतला किंवा निवृत्त रेल्वेवाला. त्याच्याकडे ‘उमीद’ नावाचं वैद्यकीय कार्ड. रेल्वेचं रुग्णालय, तिथली औषधं, गरज पडली तर बाहेरच्या रुग्णालयाची चिठ्ठी. दुसऱ्या घरातला माणूस ठेकेदाराकडे. कागदावर नाव असेल आणि पगार २१,००० च्या आत असेल तर त्याला ईएसआय लागू. १२,००० पगार असेल तर त्याचे ९० रुपये कापले जातात, मालकाने ३९० घालायचे. ठेकेदार कागद करतो का, हा निराळा विषय. तिसऱ्या घरात ई-रिक्षा, धुणीभांडी, बांधकामावरची हजेरी. तिथे आयुष्मान कार्ड असतं किंवा काहीच नसतं. ताप तिन्ही घरांत सारखाच येतो. पहिल्या घराला तो फुकट पडतो, दुसऱ्याला रजेचा, आणि तिसऱ्याला हजेरीचा अधिक औषधाचा.

कार्ड असलेली घरं किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, घरातल्या एका तरी माणसाला आरोग्य विमा किंवा तसली योजना आहे अशी कुटुंबं देशात ४१ टक्के होती. उत्तर प्रदेशात ती १६ टक्क्यांच्या घरात. शेजारच्या राजस्थानात ८८ च्या आसपास. झाशीतून राजस्थानची हद्द फार लांब नाही. हे अंतर किलोमीटरांचं नाहीच.

आता दवाखान्याचं बिल. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ मध्ये झाली. बाळंतपण सोडून एकदा भरती व्हायचा सरासरी वैद्यकीय खर्च तिने असा काढला: शहरात सरकारी रुग्णालयात ४,८३७ रुपये, खासगीत ३८,८२२. गावात सरकारीत ४,२९०, खासगीत २७,३४७. खासगी म्हणजे शहरात आठपट, गावात सहापटीहून जास्त.

रुपयांचं हजेरीत रूपांतर केल्याशिवाय हे आकडे अंगाला लागत नाहीत. २०१७-१८ मध्ये उत्तर प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १७५ रुपये होती. गावातल्या माणसाची सरकारी रुग्णालयातली एक भरती म्हणजे साडेचोवीस दिवसांची मजुरी. खासगीतली भरती म्हणजे १५६ दिवसांची. आणि कायद्याने एका कुटुंबाला वर्षाला हमी होती १०० दिवसांची. अख्ख्या घराने अख्खं वर्ष हमीचं काम केलं, एक रुपया खाल्ला नाही, तरी एका माणसाची एक खासगी भरती फिटत नव्हती. नगरा शहरात मोडतं, तिथे रोजगार हमी नाही. पण झाशीच्या रुग्णालयांबाहेर चादर अंथरून बसलेले लोक मोंठ, मऊरानीपूर, ललितपूर, आणि हद्दीपलीकडच्या दतिया-निवाडी-टीकमगडहून आलेले असतात. त्यांचा हिशेब हजेरीतच चालतो.

शहरी घराचा हिशेब वेगळ्या मापाने करू. २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत उत्तर प्रदेशातल्या शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ५,०४० रुपये निघाला. पाच माणसांचं घर धरलं तर वर्षाला ३,०२,४०० रुपये. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक ज्या मापाने मोजतात त्यात घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे आरोग्यावर गेले की ते घर ‘आपत्तीजनक खर्चा’त गेलं असं धरतात. या घराची रेघ ३०,२४० ला येते. शहरातली एक खासगी भरती, तीही पाच वर्षं आधीच्या दराने, ती रेघ ओलांडते. आणि हे गरीब घर नव्हे, सरासरी घर आहे. देशातल्या शहरी लोकसंख्येतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचा माणशी खर्च त्याच पाहणीत २,००१ रुपये होता. तसं पाच जणांचं घर वर्षाला १,२०,०६० मध्ये चालतं, आणि त्याची रेघ १२,००६ वर.

हे १२,००६ लक्षात ठेवा, पुढे लागतील.

जगभरचा आकडा सांगून टाकतो, कारण त्यावर फार रेंगाळण्यात अर्थ नाही. याच दोन संस्थांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०१९ मध्ये सुमारे दोन अब्ज लोकांना आरोग्यखर्चाने आर्थिक ओढाताण सोसावी लागली, एक अब्ज लोक १० टक्क्यांची रेघ ओलांडलेल्या घरांतले, आणि ३४.४ कोटी लोक या खर्चामुळे पराकोटीच्या गरिबीत गेले किंवा आधीच असलेल्या गरिबीत आणखी खाली गेले. अब्जांत बोललं की कुणाचाच चेहरा दिसत नाही. तेव्हा नगऱ्यात परत येऊ.

आपल्याकडे आरोग्यखर्च म्हटलं की डोळ्यापुढे भरती येते: सलाईन, आयसीयू, काउंटरवरचं डिपॉझिट. सगळ्या योजनाही तेच चित्र धरून आखलेल्या. पण त्याच ७५ व्या फेरीतले दोन आकडे शेजारी ठेवा. मागच्या पंधरा दिवसांत आजारी होतो असं सांगणारे हजारात ७५. वर्षभरात भरती झालेले, बाळंतपणं वगळून, गावात हजारी २६ आणि शहरात ३४. पहिला आकडा पंधरवड्याचा, दुसरा बारा महिन्यांचा. म्हणजे आजारी पडणं हा पंधरवड्याचा धंदा आणि भरती ही वर्षा-दोन वर्षांतली, कित्येक घरांत दहा वर्षांतली, गोष्ट. बहुतेक आजार माणूस उभ्याने काढतो. रिक्षा चालवत, भांडी घासत, गोळी घेऊन.

आयुष्मान कार्ड मात्र आडव्या माणसाचं आहे. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत योजना सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, देशात कुठेही. आधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत ही मर्यादा ३०,००० होती, त्यापुढे पाच लाख ही मोठीच झेप, आणि हृदयाच्या, हाडाच्या, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत या कार्डाने घरं वाचवली आहेत यात वाद नाही. पण ओपीडी त्यात नाही. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुटी मिळाल्यावरचे पंधरा दिवस, एवढाच औषध-तपासण्यांचा खर्च त्यात धरतात. सोळाव्या दिवसापासून रोगी आपला आपण. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला गोळ्या किती दिवस घ्यायच्या असतात हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

शिवाय यादी मुळात २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची. त्यानंतर गावाहून आलेले, चूल वेगळी झालेले, तेव्हा बरं चाललेले आणि आता घसरलेले लोक पुष्कळदा तिच्यात सापडत नाहीत. २०२३ मध्ये कॅगच्या अहवालाने दाखवलं की ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी नोंदलेले होते. दहा वेळा नऊ दाबायला कारकुनाला सोपं गेलं असेल, एवढंच त्यातून कळतं. पण ज्याला फोनवर ओटीपी यायला हवा त्याच्यासाठी ती कारकुनी महाग पडते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, कार्ड मिळू लागलं. चांगलं झालं. तेही आडवं होईपर्यंत वाट पाहणारंच.

उभ्याच्या आजाराचे पैसे कशावर जातात? औषधांवर. नमुना पाहणीच्या ७१ व्या फेरीत, २०१४ मध्ये, भरती न होता घेतलेल्या उपचाराच्या खर्चात औषधांचा वाटा गावात ७२ टक्के आणि शहरात ६८ टक्के निघाला. डॉक्टरची फी, तपासण्या, सगळं मिळून उरलेल्या तिसऱ्या हिश्शात. २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीतही गावातल्या घराच्या खर्चातला सव्वादोन-अडीच टक्के भाग भरतीवर आणि त्याच्या दुप्पट, पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, बिनभरतीच्या उपचारावर गेलेला दिसतो. भरती गाजते, घर पोखरलं जातं ते गोळीने.

मेडिकलच्या काउंटरवर अर्धा तास उभं राहिलं तर हे डोळ्यांनी दिसतं. संध्याकाळी सात-साडेसातची, हजेरी हातात पडल्यानंतरची वेळ. पस्तिशी-चाळिशीची बाई घडी घालून घालून मऊ झालेला पर्चा पुढे करते. तीन औषधं लिहिलेली. दोनांपुढे बरोबरची खूण, म्हणजे ती आतून, सरकारी खिडकीवर मिळाली. तिसऱ्याभोवती गोल, म्हणजे बाहेरची. तीस दिवसांची लिहिलेली.

‘पूर्ण देऊ, अम्मा?’

‘पाच दिवसांची द्या, भैया.’

दुकानदार काही बोलत नाही. काउंटरवरच दोरीला कात्री बांधलेली असते, तिने तो पत्ता कापतो. पत्ता म्हणजे गोळ्यांची पट्टी. हा शब्द झाशीतला मराठीही असाच वापरतो. कापताना एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पट्टीवर मुदतीची तारीख एका टोकाला छापलेली असते. दुकानदार नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापत येतो. त्यात लबाडी नाही; उरलेली पट्टी विकायची तर तारीख तिच्यावर राहायला हवी, शिकल्यासवरल्या दुकानदाराची ती शिस्तच आहे. पण त्यामुळे पाच-पाच गोळ्या नेणाऱ्याच्या हातात कायम बिनतारखेचा तुकडा पडतो. कित्येकदा औषधाचं पूर्ण नावही त्यावर नसतं, मधलीच चार अक्षरं असतात. तोच तुकडा दाखवून पुढच्या खेपेला ‘ह्याच द्या’ म्हणायचं.

आता ते १२,००६. सर्वांत खालच्या पाच टक्क्यांतल्या पाच जणांच्या घरात आई-बाप दोघांना बीपी आणि साखर असेल, आणि दोघांचं मिळून महिन्याला एक हजार रुपयांचं औषध बाहेरून लागत असेल, तर वर्षाचे १२,००० होतात. एकही भरती नाही, एकही शस्त्रक्रिया नाही, कार्ड खिशातून बाहेर निघालं नाही, आणि घर ‘आपत्ती’च्या रेघेवर येऊन टेकलं. एक तपासणी, एक रिक्षाभाडं, की पलीकडे. या घरात आपत्ती कधी आली हे शेजारच्याला कळणार नाही. रुग्णवाहिका आलेलीच नसते.

औषधांच्या किमती सरकार बांधून देतं, असं यावर कुणी म्हणेल. देतं, पण सगळ्यांच्या नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत असते, आणि ती दरवर्षी घाऊक महागाईच्या मापाने हलते. एप्रिल २०२२ मध्ये १०.७७ टक्के वाढीची मुभा मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के. चढत्या हिशेबाने दोन वर्षांत २४ टक्के: शंभराची गोळी १२४ ला विकायला कायद्याची हरकत नाही. पुढच्या एप्रिलला मुभा होती ०.००५५१ टक्के. पाच दशांश स्थळांपर्यंत काढलेला तो आकडा पाहून हसू येतं, पण तोवर वरचे २४ पक्के झाले होते. यादीबाहेरच्या औषधांना कमाल किंमतच नाही. बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही एवढीच अट. दरसाल दहा टक्क्यांनी पाच वर्षांत शंभराचे १६१ होतात, सगळं नियमात राहून.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ११२ ची पट्टी १०५ ला मिळायला हवी, म्हणजे सव्वासहा टक्के स्वस्त. बरं वाटलं. यादीबाहेरच्या औषधाला ही सवलत गिळायला एक वर्षसुद्धा लागत नाही.

जनऔषधी केंद्रांचं काय? २०२५ च्या सुरुवातीला देशात त्यांची संख्या १५,००० झाली, आणि तिथली गोळी ब्रँडच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळते हे खरंच आहे. माझ्या मते गरिबाच्या औषधखर्चावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत झालेला हा सर्वांत सरळ उपाय. अडतं ते पर्च्यावर. पर्च्यावर ब्रँडचं नाव असलं की बाई तेच नाव मागते. त्याची दुसरी, स्वस्त गोळी ‘हीच आहे’ म्हणून कुणी समजावली तरी डॉक्टरने लिहिलं ते मोडायची तिची छाती होत नाही. विश्वास हाही पैसा मागतो.

सरकारी खिडकीवर सगळंच मिळालं असतं तर? इथे खर्चापेक्षा जागेचा प्रश्न मोठा. झाशीचं महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ चं. सगळ्या बुंदेलखंडाचा आणि मध्य प्रदेशाकडच्या चार-पाच जिल्ह्यांचा शेवटचा आधार. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री तिथल्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. १८ खाटांच्या जागी ४९ बाळं होती, हे तेव्हा पुढे आलं. आगीचं कारण, चौकशी, जबाबदारी यात इथे शिरत नाही. या लेखापुरते ते दोन आकडे, १८ आणि ४९. हा फरक म्हणजे ज्यांना दुसरीकडे जाणं परवडणार नव्हतं त्यांची संख्या. ज्यांनी दागिना मोडून परवडवून घेतलं ते या मोजणीत नाहीत. ते ३८,८२२ च्या सरासरीत आहेत.

सरासरी आजारपणाला तर बहुतेक लोक सरकारी दारात जातही नाहीत. २०१७-१८ मध्ये देशातल्या शंभर आजारांपैकी सरकारी रुग्णालयात दाखवले ते ३०. खासगी रुग्णालयात २३, खासगी डॉक्टरकडे ४३. कारण साधं आहे. एक रुपयाच्या पर्च्याला अर्धा दिवस लागतो. २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत, एप्रिल ते जून या तिमाहीत, देशातल्या रोजंदारी माणसाची सरासरी कमाई दिवसाला ४०३ रुपये होती. अर्धा दिवस म्हणजे दोनशे. गल्लीतला डॉक्टर, मग तो पदवीवाला असो की ज्याला इथे झोलाछाप म्हणतात तो, संध्याकाळी कामावरून आल्यावर भेटतो, शंभरात सुई आणि तीन दिवसांच्या पुड्या देतो. ‘बोतल’ चढवायला थोडे जास्त. त्याच्याकडे जाणाऱ्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्याने गणित बरोबर केलेलं असतं.

फुकट उपचाराचंही हेच. जिल्हा रुग्णालयातलं डायलिसिस गरिबाला २०१६ च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून फुकट आहे. आठवड्याला दोनदा धरलं तर वर्षाला १०४ खेपा. बरोबर एक माणूस लागतोच. त्याचे १०४ दिवस, ४०३ च्या दराने, ४१,९१२ रुपये. हा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही, कारण तो न मिळालेला पैसा आहे. क्षयाचंही तसंच. औषध पूर्ण फुकट, वर आहारासाठी महिन्याला पूर्वी ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये. पण खडी फोडणारा किंवा हमाली करणारा माणूस दोन महिने उभा राहू शकत नाही, तेव्हा हजार रुपये म्हणजे अडीच हजेऱ्या.

मग उसनवारी. ७५ व्या फेरीत गावातल्या भरतीच्या खर्चाचा मुख्य आधार ८० टक्के ठिकाणी घरचं उत्पन्न किंवा साठवण आणि १३ टक्के ठिकाणी कर्ज होता. शहरात ८४ आणि ९. तेरा हा आकडा लहान दिसतो. पण दहा हजार शेकडा तीनने उचलले तर महिन्याला तीनशे, वर्षाला ३,६०० नुसतं व्याज. पुढच्या पाहणीत हे पैसे ‘आरोग्य’ या रकान्यात येत नाहीत. तेव्हा ते फक्त हप्ता असतात.

देशाचा आकडा सुधारला आहे, हे सांगितलं नाही तर लबाडी होईल. २०१३-१४ मध्ये खिशातल्या खर्चाचा वाटा ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४. सरकारचा आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ वर आला. २०१७ च्या धोरणाने २०२५ साठी ठरवलेले अडीच टक्के मात्र लांबच राहिले. पण वाटा घटला म्हणजे रुपये घटले असं नाही. माणशी खिशातले २,३३६ होते ते २,६०० झाले. महागाई वजा केली तर ओझं हलकं झालं हे मान्य. तरी शंभरातला वाटा घटण्यामागे, कोविडच्या वर्षांत, वरचा सरकारी आकडा वाढल्याचा हात मोठा. शिवाय खिशातल्या खर्चाचा अंदाज २०१७-१८ च्याच पाहणीवरून पुढे ओढलेला. २०२२ आणि २०२३ च्या औषधवाढी त्या पाहणीने बघितलेल्याच नाहीत. आणि उत्तर प्रदेशाचे ६३.७ म्हणजे देश २०१३-१४ मध्ये जिथे होता जवळजवळ तीच जागा. नगऱ्यातला माणूस आठ वर्षं मागच्या भारतात आजारी पडतो.

मुंबईहून झाशीला आलेल्या पाहुण्यांकडून ‘आमच्याकडे सगळं फुकट झालं’ हे ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क नाही, आणि महात्मा फुले योजनेची दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली, तीही सगळ्या कुटुंबांसाठी. पण फुले योजनाही भरतीचीच. आणि केसपेपरचे पैसे माफ करणं ही एक रुपयाच्या पर्च्याचीच पुढची पायरी: दारातलं माफ, खिडकीवर औषध आहे की नाही यावर बाकी सगळं. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून उलट टोक धरलं, सरकारी ओपीडीत औषध फुकट. तमिळनाडूने त्याच्याही आधी, नव्वदीच्या दशकात, औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ काढून खिडकीवरचा तुटवडा मिटवायला घेतला.

थायलंडने २००२ मध्ये ‘तीस बात’ योजना देशभर नेली. एका भेटीला तीस बात, त्यात ओपीडी आली, गोळी आली, भरती आली. तिथे खिशातल्या खर्चाचा वाटा एकतृतीयांशाच्या आसपास होता तो दहा टक्क्यांजवळ उतरला. श्रीमंत होऊन मग त्यांनी हे केलं असं नाही. १९९७ च्या आर्थिक कोसळण्यानंतर पाचच वर्षांनी केलं. उभ्या आणि आडव्या आजारात त्यांनी भेद केला नाही, इतकंच.

रात्री नऊनंतर नगऱ्यातलं मेडिकल बंद व्हायला येतं तेव्हा दुकानदार कापलेल्या पट्ट्या आवरतो. कुणी पाच नेल्या, कुणी तीन, एकाने दोनच. उरलेले तुकडे तो एका जुन्या मिठाईच्या डब्यात उभे लावतो, तारीख वरच्या बाजूला दिसेल असे.